सहाव्या राऊंडचा टाइम

"मॅडम, माझा टाइम किती आला?"

एवढंच विचारलं तिने. तालुक्याच्या स्पर्धा संपल्या होत्या, संध्याकाळचे साडेपाच वाजलेले, मंडपवाल्याची पोरं खुर्च्या टेम्पोत टाकत होती आणि मी टेबलावरचे रिझल्टचे कागद वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांच्यावर पाण्याची बाटली ठेवून आवराआवर करत होते. ती समोर येऊन उभी राहिली. अनवाणी, घोट्यापर्यंत जांभ्याची लाल धूळ, एका हातात चपला आणि दुसऱ्या हातात छातीवरून काढलेला नंबरचा कागद, चार घड्या घातलेला. मी म्हटलं, "बाळा, टाइम फक्त पहिल्या नंबरचा लिहितात, तिसऱ्याचा नाही घेत." ती म्हणाली, "बरं." आणि गेली. तिच्या गावाकडची गाडी सुटायची होती म्हणून पळतच गेली. खरं सांगायचं तर दुपारपासून मी मनात उत्तर तयार करून बसले होते, ती किंवा तिच्या घरचं कोणी येऊन भांडलं तर काय सांगायचं, कसं सांगायचं, आधी माफी मागायची की आधी नियम सांगायचा. त्यातलं काहीच लागलं नाही. तिला भांडायचं नव्हतं, तिला टाइम हवा होता, आणि तो माझ्याकडे नव्हता.

मी एका हायस्कूलमध्ये क्लार्क आहे. स्वतः शाळेत असताना पंधराशे मीटर धावायचे, जिल्ह्यापर्यंत जाऊन आले होते, त्यामुळे दरवर्षी गणपती उरकले आणि क्रीडा स्पर्धांचं पत्र आलं की आमचे पीटीचे सर न विचारताच माझं नाव पंचांच्या यादीत घालतात आणि मलाही ते हवंच असतं. आदल्या संध्याकाळी मैदानावर दोरी धरून फक्की मारायची, कोपऱ्यातलं गवत विळ्याने काढायचं, लांब उडीच्या खड्ड्यात ट्रॉलीभर वाळू टाकून घ्यायची, ही कामं मला फार आवडतात. आमच्याकडे मैदान म्हणजे जांभ्याचा माळ. पाऊस पडला की वरची माती वाहून जाते आणि बारीक खडे वर येतात, ऊन पडलं की तेच खडे तापतात. दोनशे मीटरचा ट्रॅक कसाबसा बसतो, एका बाजूला गडगा आणि दुसऱ्या बाजूला आंब्याची कलमं, त्यामुळे एक वळण जरा जास्तच घट्ट आहे, नवख्या पोरी तिथे हमखास बाहेर फेकल्या जातात. डेरवणला सिंथेटिक ट्रॅक आहे, तिथे एकदा पोरं घेऊन गेलो होतो तर आमच्या पोरी नुसत्या वाकून हात लावून बघत होत्या, गादीसारखं लागतं म्हणून.

तर पंधराशे मीटर, सतरा वर्षांखालील मुली. दोनशेच्या ट्रॅकवर पंधराशे म्हणजे साडेसात राऊंड. स्टार्ट पलीकडच्या बाजूला, आधी अर्धा राऊंड मारून सगळ्याजणी फिनिशच्या रेषेवरून जाणार, तिथून सात राऊंड बाकी. माझ्याकडे राऊंड मोजायचं काम आणि शाळेची पितळी घंटा, पुढची मुलगी शेवटच्या राऊंडला निघाली की वाजवायची. अकरा मुली होत्या. एका फुलस्केपवर अकरा ओळी आखलेल्या, प्रत्येकीच्या चेस्ट नंबरासमोर रेषेवरून गेली की एक टिक, सुरुवातीचा अर्धा राऊंड धरून, म्हणजे सात टिक झाल्या की एकच राऊंड उरला. शेजारी टाइम घ्यायला बसलेल्या सरांना मी दरवेळी सांगते तसं याही वेळी सांगितलं, की आवाजावर घड्याळ सुरू करू नका, क्लॅपरच्या फळ्या मिटताना बघा, कारण आवाज इथवर यायला वेळ लागतो. शंभर मीटरला जवळजवळ तीन दशांश सेकंद जातात. म्हणजे बघा, मला बारकावे माहीत होते. चौथ्या राऊंडपर्यंत सगळं व्यवस्थित चाललं होतं. ही मुलगी पहिल्या राऊंडपासूनच पुढे, हात खाली सोडून धावायची, मान जराशी डावीकडे कललेली, आणि पाय पडला तरी खड्यांचा आवाज होत नव्हता, मागच्या सगळ्यांचा चर्र चर्र व्हायचा. तिचा टी-शर्ट मरून. अजून एका शाळेच्या मुलीचाही मरूनच, कारण दोन्ही शाळांनी बाजारातल्या एकाच दुकानातून शिवून घेतलेले. ती दुसरी सगळ्यात मागे होती. समुद्राकडून वारा सुटलेला, दोघींच्याही नंबरच्या कागदाची खालची पिन निघून कागद वर दुमडलेला. हिने चौथा राऊंड संपवताना बरोब्बर रेषेवरच त्या मागच्या मुलीला गाठलं, दोन मरून टी-शर्ट एका वेळी माझ्यासमोरून गेले आणि दोन्ही टिक हिच्याच ओळीत पडल्या.

पुढच्या वेळी ती आली तेव्हा कागदावर सात टिक होत्या. मी घंटा वाजवली.

एक राऊंड आधी.

घंटा ऐकून तिने काय केलं ते मी डोळ्यांनी बघितलं. मान सरळ झाली. हात वर आले. आंब्याच्या बाजूच्या घट्ट वळणावर ती आत झुकून अशी काही गेली की कट्ट्यावर बसलेली पोरं उभी राहिली, शिट्ट्या वाजायला लागल्या, आणि मीही मनात म्हणत होते, ये, ये. रेषेवर तिने छाती पुढे टाकली, दोन पावलं पुढे गेली आणि गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली. तेव्हा मुख्य पंच ओरडले, "अजून एक! अजून एक राऊंड आहे!" तिने वर बघितलं. मुख्य पंचांकडे नाही, माझ्याकडे, कारण घंटा माझ्या हातात होती. मागच्या दोघी तिच्या बाजूने निघून गेल्या. त्यांचे सर पहिल्यापासून ट्रॅकच्या कडेला बोटं वर करून मोठ्याने मोजत होते, म्हणून त्यांना माझ्या घंटेचं काही झालं नाही. हिचे सर पलीकडे लांब उडीच्या खड्ड्याजवळ दुसऱ्या मुलाबरोबर होते. ती काही सेकंद तशीच उभी राहिली, मग निघाली, आधी चालत, मग पळत. तिसरी आली. पुढे जिल्ह्याला दोघीच जाणार होत्या.

नंतर पंचांच्या टेबलाभोवती अर्धा तास चर्चा झाली. कोणी म्हणालं रेस परत घ्या, तर बाकीच्या मुलींनी काय गुन्हा केला, आणि तासाभरात परत पंधराशे कोण धावणार, हेही बरोबरच. कोणी म्हणालं घंटा वाजली तेव्हा जी पुढे होती तिला पहिला नंबर द्या, पण रेस पंधराशेची आहे, तेराशेची नाही. तिचे सर धावत आले, त्यांनी पाच मिनिटं सगळं ऐकून घेतलं, मग एक जण म्हणाले, तक्रार लेखी द्या आणि फी भरा, तेव्हा ते गप्प झाले. मी सांगितलं चूक माझी आहे, माझ्या हातून टिक चुकली. सगळे म्हणाले मॅडम जाऊ द्या, होतं असं, अकरा जणींचं एकट्याने कोण लक्षात ठेवणार. ते मला सावरत होते हे कळत होतं, पण तेव्हा मला कोणीतरी रागावायला हवं होतं. घरी येऊन मी नियम परत वाचला. लांबच्या रेसमध्ये राऊंड मोजणाऱ्या एका माणसाकडे चारपेक्षा जास्त धावपटू देऊ नयेत असं स्पष्ट लिहिलंय, आणि ज्यांना पुढचीने एक राऊंड मागे टाकलंय त्यांच्याकडे वेगळं लक्ष द्यावं असंही. आमच्याकडे मैदानावर माणसं किती, तर सगळे मिळून नऊ, त्यात दोघं गोळाफेकीला. हे कारण खरं आहे. पण ती माझ्याकडे बघत होती तेव्हा हे कारण मला आठवलं नव्हतं, आणि आता आठवून उपयोग नाही.

रिझल्ट शीट मीच टाइप केली. क्लार्क मीच ना. क्रमांक, चेस्ट नंबर, नाव, शाळा, वेळ. पहिल्या मुलीसमोर वेळ भरली, दुसरी तिसरीसमोर आडवी रेघ. शेऱ्याचा रकाना त्या फॉर्मात नसतोच. मग त्याचा फोटो काढून वार्ताहरांना पाठवला आणि परवाच्या पेपरात बातमी आली, तालुका क्रीडा स्पर्धा उत्साहात, आणि खाली सगळे निकाल एका दमात, स्वल्पविराम देऊन देऊन. तिचं आडनाव चुकलेलं. फोटो उद्घाटनाचा, पाहुणे नारळ फोडताना. वार्ताहरांवर माझा राग नाही, तो माणूस त्या दिवशी ग्रामसभा, एक अपघात आणि आमच्या स्पर्धा असं तिन्ही करून गेला, स्कूटरला पेट्रोलसुद्धा स्वतःचं घालतो. पण मी ती बातमी चार चार वेळा वाचली. त्यात लिहिलेलं एकही अक्षर खोटं नव्हतं (आडनाव सोडून), आणि तरी त्या दिवशी मैदानावर जे झालं त्यातलं काहीच त्यात नव्हतं. उद्या कोणी जुने पेपर काढून बघेल तर त्याला दिसेल की एक मुलगी तिसरी आली. ती अकराशे मीटरपर्यंत सगळ्यांच्या पुढे होती, मग एका बाईने घंटा वाजवली, हे कुठेच नाही.

पेपरवरून आठवलं. १९८४ साली मी पाचवीत होते. आमच्या गावात मुंबईचा पेपर दुपारच्या एसटीने यायचा, तोही पाऊस असला आणि घाटात दरड आली तर दुसऱ्या दिवशी. बाबा स्टँडवर जाऊन उभे राहायचे. ऑगस्टचे दिवस, नुसता धो धो, आणि ते भिजू नये म्हणून शर्टाच्या आत घालून पेपर घेऊन आले आणि पडवीत बसून मोठ्याने वाचायला लागले. पी. टी. उषा, चारशे मीटर हर्डल्स, लॉस एंजेलिस. एकदा फॉल्स स्टार्ट झाला, सगळ्या परत फिरल्या, परत ब्लॉक्सवर बसल्या. मग ५५.४२. तिसरीचा टाइम ५५.४१. आई आत भाकऱ्या थापत होती ती हात पिठाचे तसेच घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "म्हणजे किती गेलं?" बाबांनी चुटकी वाजवली, मग म्हणाले याचा पण किती तरीवा भाग. त्या वर्षी आमचे पीटीचे सर शर्यतीच्या शेवटी रेषेजवळ उभे राहून ओरडायचे, छाती टाका पुढे, छाती, कारण नंबर छातीवर ठरतो, डोक्यावर नाही आणि हातावर नाही. पुढे कित्येक वर्षं मी काहीही विसरले असेन पण ५५.४२ विसरले नाही. चौथ्या आलेल्या बाईचा टाइम. आणि तीच मी त्या संध्याकाळी तिसऱ्या आलेल्या पोरीला सांगते, की टाइम फक्त पहिल्या नंबरचा लिहितात.

ललिता बाबरचंही तसंच. २०१६, रिओ, तीन हजार मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे ओलांडत धावायची लांबची रेस. साताऱ्याच्या माण तालुक्यातली, म्हणजे आमच्या उलट, तिकडे पाण्याचा दुष्काळ. उषानंतर ऑलिम्पिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक फायनलला गेलेली पहिली भारतीय बाई. हीटमध्ये ९:१९.७६ चा राष्ट्रीय विक्रम केला, आणि फायनल नेमकी १५ ऑगस्टला संध्याकाळी. सकाळचं झेंडावंदन उरकून घरी आले तेव्हापासून मी घड्याळ बघत होते. दहावी आली, ९:२२.७४. दहाव्या नंबरचा टाइम शंभरांश सेकंदासकट जगभर लिहिला गेला आणि तो माझ्या जुन्या डायरीत आहे. दुसऱ्या दिवशी शाळेत मी सांगत सुटले तर एक जण म्हणाले, दहावी ना? मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. आता देईन. पाण्याच्या खड्ड्यावरून सात वेळा आणि बाकीचे अडथळे अठ्ठावीस वेळा ओलांडून, ओल्या बुटांनी, त्या घोळक्यात शेवटपर्यंत टिकून राहणं काय असतं ते बघायचं असेल तर आधी तीन किलोमीटर नुसतं धावून बघा.

आणि मग अविनाश साबळे. ६ ऑगस्ट २०२२, शनिवार. मासेमारीची बंदी उठलेली, पण नारळी पौर्णिमा व्हायची होती म्हणून बऱ्याच होड्या अजून किनाऱ्यालाच, आणि हर्णैला बंदराजवळच्या एका दुकानात खलाशी माणसं दुपारची बसलेली. मी बहिणीकडे गेले होते, वाटेत पाऊस आला म्हणून त्या दुकानात शिरले आणि मोबाईलवर कॉमनवेल्थ लावलं. एकाने विचारलं काय बघता, क्रिकेट? मी म्हटलं, बीडचा मुलगा आहे, तीन हजार मीटर. हळूहळू सात-आठ डोकी माझ्या मोबाईलवर. पुढे तीन केनियाचे आणि त्यांच्या मागे आपला. मी सांगितलं की १९९८ पासून सहा कॉमनवेल्थ झाल्या आणि सहाही वेळा तिन्ही मेडल केनियाची. "तिन्ही?" एक म्हातारे तांडेल म्हणाले, "म्हणजे बाकीच्यांना जाळ्यात काहीच नाही?" मध्येच रेंज गेली. पडद्यावर ते गोल फिरायला लागलं, कोणी म्हणालं बाहेर धरा, कोणी म्हणालं वर धरा, एकाने भर पावसात दाराबाहेर हात लांब करून मोबाईल धरला आणि आम्ही सगळे पागोळ्यांखाली माना वर करून उभे. चित्र आलं तेव्हा शेवटचा राऊंड. शेवटच्या सरळ पट्ट्यात तो बाहेरून येत होता, आणि आठ माणसं, ज्यांना स्टीपलचेस हा शब्द पाच मिनिटांपूर्वी माहीत नव्हता, एका सुरात ओरडत होती. ८:११.२०. पहिल्या आलेल्या किबिवोतचा ८:११.१५. पाच शतांश. ते तांडेल बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "परत दाखवतील ना?"

हे मला लोकांना सांगायचं असतं, जे म्हणतात की आपल्याकडे ॲथलेटिक्स कोणी बघत नाही. लोक बघतात. दाखवलं तर बघतात, आणि कोणीतरी शेजारी बसून सांगितलं की हा कोण, कुठला, आत्ता काय चाललंय, तर मोबाईल पावसात धरून बघतात. लांबच्या रेसची तर गंमतच अशी आहे की ती मधल्या राऊंडमध्ये ठरते, कोण कोणाच्या खांद्याला लागून धावतोय, कोणाचा श्वास वाढलाय, कोण मुद्दाम वेग पाडतोय, आणि नेमकं तेच आपल्याला तुकड्यातुकड्यांत बघायला मिळतं. स्टार्ट दाखवतात, मग भालाफेक, मग जाहिरात, मग थेट शेवटचा राऊंड. पेपरात तर नुसता शेवट. मी हे टीव्हीवाल्यांना आणि पेपरवाल्यांना नावं ठेवून म्हणत होते इतकी वर्षं. आता म्हणताना जीभ अडखळते. कारण माझ्यासमोर, माझ्यापासून तीन फुटांवर एक अख्खी रेस झाली आणि त्यातला मधला भाग मी स्वतः हरवून बसले.

चुका मोठ्या ठिकाणीही होतात. २०२३ च्या हांगझोऊ एशियन गेम्समध्ये नीरज चोप्राचा पहिला थ्रो मोजलाच गेला नाही, त्याला परत फेकावा लागला. किशोर जेनाच्या थ्रोला आधी लाल झेंडा दाखवला आणि मग फिरवला. ज्योती याराजीला हर्डल्समध्ये फॉल्स स्टार्टसाठी आधी बाहेर काढलं, ती तिथेच पंचांसमोर स्क्रीनवर बघत ठाम उभी राहिली, मग धावू दिलं, आणि नंतर चिनी मुलगी बाद झाल्यावर तिचं ब्राँझचं सिल्व्हर झालं. ते सगळं मी रजा टाकून बघितलं होतं आणि त्या पंचांवर किती चिडले होते ते आमच्या घरात विचारा. पण तिथे निदान व्हिडिओ होता, आणि थ्रो परत फेकता येतो.

त्या रात्री झोप लागेना म्हणून मोबाईलवर शोधत बसले, राऊंड मोजायची चूक अजून कोणाकडून झालीय का. झालीय. १९३२ च्या ऑलिम्पिकमध्ये, लॉस एंजेलिसलाच, उषा जिथे धावली त्याच कोलिझियममध्ये. स्टीपलचेसच्या फायनलला राऊंड मोजणारा नेहमीचा माणूस आजारी, त्याच्या जागी बदली उभा केलेला, आणि त्याने एक राऊंड कमी मोजला. सगळे एक राऊंड जास्त धावले, तीन हजारऐवजी ३४६० मीटर. फिनलंडचा इसो-होलो एवढा पुढे होता की त्याला काही फरक पडला नाही. पण अमेरिकेचा मॅक्लस्की, जो तीन हजारला दुसरा होता, त्याला त्या जास्तीच्या राऊंडमध्ये इंग्लंडच्या एव्हनसनने गाठलं आणि तो तिसरा झाला. इसो-होलोचा टाइम १०:३३.४ असा लावलेला आहे, आणि सोबत अंतर ३४६० असंही, म्हणजे चूक लपवलेली नाही. नव्वद वर्षांनंतर हर्णैपासून थोड्या अंतरावरच्या एका घरात मच्छरदाणीत बसून मला कळतंय की मॅक्लस्की तीन हजारला दुसरा होता. कोणीतरी ते लिहून ठेवलं म्हणून.

माझ्या फॉर्मात रकाना नव्हता. पण कागदाची मागची बाजू तर होती.

आठवडाभराने अकरावीतला एक मुलगा बोनाफाईड न्यायला ऑफिसात आला. सही व्हायची होती म्हणून बाकावर बसला आणि मोबाईलवर काहीतरी बघत होता, आवाज मोठा. वाऱ्याचा घोंघाट, आणि मधून "पळ गो, पळ, थांबू नको!" मला तो वारा ओळखू आला. विचारलं तर म्हणाला, बहिणीचा व्हिडिओ आहे मॅडम, तालुक्याला धावली ती. त्याची बहीण म्हणजे ती सगळ्यात मागची, दुसरा मरून टी-शर्ट. मी त्याच्या शेजारी बाकावर जाऊन बसले. हा मुलगा फिनिशच्या रेषेपासून दहा पावलांवर उभा होता आणि त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत, न थांबता, फक्त आपल्या बहिणीचं शूटिंग केलं होतं. जगातला कुठलाही कॅमेरा शेवटच्या धावपटूवर एवढा वेळ थांबत नसेल. ती हळूहळू वळण घेते, पोटात कळ आली म्हणून कमरेवर हात ठेवते, परत पळते, आणि मागे रेषा सतत फ्रेममध्ये. आणि त्या रेषेवरून दर वेळी, कधी कडेने, कधी अर्धीच, ती पुढची मुलगी जाताना दिसत होती. माझा घंटेवरचा हातही दिसत होता.

मी त्याच्याकडून तो व्हिडिओ मागून घेतला. घरी जाऊन जेवणं उरकल्यावर दुसऱ्या मोबाईलवर स्टॉपवॉच लावलं आणि ती रेषेवर आली की दाबायचं, असं तीनदा केलं, कारण हाताने घेतलेला टाइम एकदाच घेऊन चालत नाही, तीन घड्याळं असली की मधलं धरायचं. पहिले शंभर मीटर २१ सेकंद. मग राऊंड ४७, ४८, ४९, ४८, ४७. घड्याळासारखी धावली होती पोरगी, कोणी न शिकवता. आणि घंटेनंतरचा सहावा राऊंड ३८. मला वाटलं चुकलं, म्हणून चौथ्यांदा लावलं. ३८. अकराशे मीटर धावून झाल्यावर, अनवाणी, खड्यांवरून, त्या घट्ट वळणावरून. मग न राहवून हिशेब केला, की घंटा वाजलीच नसती आणि शेवटचे दोन्ही राऊंड तिने आरामात ४८ ने काढले असते तरी जिंकलेल्या मुलीच्या किती आधी आली असती ते बघू, कारण तिचा ५:५९ मीच टाइप केलेला होता. तीनच सेकंद आधी. म्हणजे जिंकली असती असं छातीठोकपणे मी म्हणू शकत नाही, मागची पण शेवटी वाढवू शकली असती. हे मला बरं वाटायला हवं होतं बहुतेक. नाही वाटलं.

रविवारी हर्णैला गेले. दुपारचा लिलाव सुरू होता, पुळणीवर बैलगाड्या पाण्यात घालून होड्यांवरचा माल आणणं चाललेलं, पलीकडे सुवर्णदुर्ग, आणि सगळीकडे बर्फ फोडल्याचा आवाज. ती आईच्या टोपल्यांजवळ उकिडवी बसून बांगडे वेगळे करत होती, लहान एकीकडे, मोठे एकीकडे. मला बघून उठली. मी आईलाही सांगितलं आणि तिलाही, की त्या दिवशी घंटा चुकीची वाजली ती माझ्या हातून, आणि ते मी रिझल्टच्या कागदाच्या मागे लिहून सही करून ऑफिसात लावलंय, त्याने नंबर बदलणार नाही. आई माझ्याकडे बघत राहिली. पोरगी म्हणाली, "माहितीय मला. मी पण मोजत होते. सहाच झालेले. पण घंटा वाजली ना." यावर मी काय बोलणार. पर्समधून कागद काढून तिच्यापुढे धरला, तिचे हात खवल्यांनी भरलेले म्हणून तिने तो हातात घेतला नाही, मान वाकडी करून वाचला. ३८ वर आली तेव्हा थांबली. परत वाचलं.

"सातवा नाही लिहिलात."

मी म्हटलं, "त्यात तू थांबली होतीस ना, म्हणून."

"मग? नंतर धावले की. लिहा ना तो पण."

लिलाव बोलणाऱ्याच्या कानावरचं पेन मागून घेतलं आणि उलट्या क्रेटवर कागद ठेवून लिहिलं, ७ वा, १ मिनिट ९ सेकंद. तो आकडाही माझ्याकडे होता, तीनदा घेतलेला, लिहायचा मात्र राहिला होता. तिने ओठ हलवत वरपासून खालपर्यंत बेरीज केली, त्या बंदरावर पोरी करतात तशी, भराभरा, बोटं न मोडता.

"सहा मिनिटं सात सेकंद," ती म्हणाली, आणि आईने हाक मारली म्हणून कागद तिच्या ओढणीच्या टोकात मीच बांधून दिला.